कर्ज चालू असताना ५०० रुपयांची एसआयपी कधी आणि कशी सुरू करायची, आमच्या घरच्या हिशोबासकट

आमच्या ऑफिसात सात तारखेला पगार झाला की जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघतोच. एक जण म्हणते डोक्यावर कर्ज असताना कसली गुंतवणूक, आधी सगळं फिटू दे मग बघू. दुसरी म्हणते अगं कर्ज काय संपणारे का कधी, पाचशेची एसआयपी आजच टाकून दे. (एसआयपी म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप म्युच्युअल फंडात जाते, आमच्या बाबतीत शेअर बाजारातल्या फंडात.) मला विचाराल तर दोघींचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि त्यातलं कुठलं अर्धं तुम्हाला लागू पडतं हे तुमच्या कर्जाच्या व्याजावर ठरतं, बाकी कशावर नाही. म्हणून आम्ही काय केलं ते आकड्यांसकट लिहिते, तुमचे आकडे त्यात घालून बघा.

मी सांगलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, आमचे हे ऑटो पार्ट्सच्या दुकानात आहेत, दोघांचे मिळून तेव्हा ४३ हजार घरात यायचे. २०२२ च्या शेवटी सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यात जे मिळेल ते कर्ज घेतलं, त्या वेळी व्याज बघायच्या मनःस्थितीत कोण असतं. पुढे आठ-नऊ महिने नुसते हप्ते भरत होतो, कुठला कशाचा ते बघितलंच नाही. २०२३ चा अधिक महिना संपला त्या आठवड्यात एका रविवारी सगळे कागद काढून बसलो आणि कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशोबाशेजारी, सगळं लिहून काढलं.

तर पहिलं काम हेच, लिहून काढणं. मोबाईलमधे नको, कागदावर, आणि घरातल्या सगळ्या कमावत्या माणसांनी मिळून, कारण प्रत्येकाच्या खिशात एखादं असं कर्ज असतं जे दुसऱ्याला माहीत नसतं. कुणाचं, किती राहिलंय, व्याज किती, हप्ता किती आणि शेवटचा हप्ता कुठल्या महिन्यात, एवढं पाहिजे. आमचं असं निघालं: क्रेडिट कार्डचे ५८ हजार. राष्ट्रीयीकृत बँकेत माझ्या गंठणावर सोनेतारण १ लाख २० हजार. गाडीच्या कर्जाचे २,९०० चे १४ हप्ते बाकी. बचत गटाचे १० हजार. आणि नणंदेकडून हातउसने घेतलेले ३० हजार.

आता व्याज. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण प्रत्येक जण व्याज वेगळ्या भाषेत सांगतो. गटात आणि गावाकडे आपण शेकडा दोन म्हणतो, ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाचे २४ टक्के. कार्डवाले साडेतीन टक्के लिहितात, तेही महिन्याचं, म्हणजे वर्षाचे ४२, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. गाडीचं कर्ज "१० टक्के फ्लॅट" होतं, ऐकायला स्वस्त वाटतं, पण फ्लॅट म्हणजे तिसऱ्या वर्षीसुद्धा व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर, तोपर्यंत निम्म्याहून जास्त मुद्दल फेडून झालेलं असलं तरी. तीन वर्षांच्या कर्जाला १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकेवर जवळजवळ १८ टक्के पडतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने साध्या माणसांच्या मुदत कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट द्यायची सक्ती केलीये, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो, नवीन कर्ज घेताना तेवढा एक आकडा बघितल्याशिवाय सही करू नका. जुन्या कर्जाचा माहीत नसेल तर शाखेत जाऊन "घटत्या शिलकेवर किती पडतो" असंच विचारायचं.

कार्डचं मात्र नीट सांगते कारण आमचं सगळं पाणी तिथूनच गळत होतं. ५८ हजार थकबाकी, त्यावर महिन्याचं व्याज २,०३०, त्यावर जीएसटी ३६५, झाले २,३९५. आणि आम्ही मिनिमम ड्यूच्या, म्हणजे कार्डने मागितलेल्या किमान रकमेच्या आसपास, ३ हजार भरत होतो. म्हणजे ३ हजारांतले फक्त ६०५ रुपये मुद्दलात जात होते. ह्यांना वाटायचं आपण वेळेवर भरतोय, मेसेज पण यायचा धन्यवाद म्हणून. त्याच हिशोबाने भरत राहिलो असतो आणि कार्डवर एक रुपयाची नवीन खरेदी केली नसती तरी ते फिटायला साधारण ४० महिने लागले असते आणि ५८ हजारांचे १ लाख १९ हजार गेले असते. हा आकडा कॅलेंडरवर लिहिला तेव्हा बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

तर आता नियम. मी असा धरलाय आणि ऑफिसातल्या तिघीचौघींना असाच सांगितलाय. वर्षाला १८-२० टक्क्यांच्या वरचं कर्ज असेल, म्हणजे कार्ड, मोबाईल ॲपवरचं कर्ज, सावकाराचं, शेकडा दोन-तीनवालं, तर ते असेपर्यंत एसआयपीचा विचारही नको, तुमचा जास्तीचा प्रत्येक रुपया तिथेच. शेअर बाजार दीर्घ मुदतीत ११-१२ टक्के देईल अशी आपण आशा धरतो, आशाच, कुठलाही फंड ते लिहून देत नाही आणि सेबी, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, त्यांना देऊही देत नाही. कार्डचे ४२ टक्के मात्र छापून आलेले असतात. १२ ते १८ च्या मधलं असेल तर जास्तीचं जास्त कर्जाला आणि सवयीपुरतं थोडं गुंतवणुकीला. ९ ते १२ असेल, जसं सोनेतारण किंवा पतपेढीचं कर्ज, तर निम्मं निम्मं चालेल. आणि त्याच्या खालचं, म्हणजे घराचं कर्ज वगैरे, त्याचा हप्ता चालू ठेवा आणि गुंतवणूकही करा, ते फिटायची वाट बघत वीस वर्षं थांबलात तर हातात काहीच उरणार नाही. शेतीवाल्यांसाठी एक वेगळं सांगते, पीककर्ज ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि आपल्याकडची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं, तेव्हा ते मुदतीच्या आधी गडबडीने फेडायची गरज नाही पण मुदत चुकवायची तर अजिबात नाही, चुकली की सवलत गेली.

या नियमाला दोन ठिकाणी मी स्वतः मुरड घातली. गटाचं कर्ज शेकडा दोनचं, कागदावर २४ टक्के, पण आमच्या १५ बायकांच्या गटात ते व्याज गटाच्याच खात्यात जमा होतं आणि वर्षाच्या शेवटी वाटप होतं तेव्हा त्यातला वाटा आपल्याकडेच परत येतो, म्हणून ते कार्डइतकं महाग नव्हतं. तरी ते ठरल्याप्रमाणे डिसेंबरमधे संपवलं, गटात हप्ता थकवला की पुढच्या बाईचं कर्ज अडतं. आणि दुसरं नणंदेचे ३० हजार, व्याज शून्य, नियमाने बघितलं तर सगळ्यात शेवटी. पण असं असतं की तिने एकदाही मागितले नाहीत आणि म्हणूनच प्रत्येक सणाला ती समोर आली की माझी मान खाली जायची. तिला मी स्पष्ट सांगितलं की गाडीचा हप्ता संपला की दर महिन्याला अडीच हजार देणार, नोव्हेंबर २०२४ पासून, १२ हप्त्यांत पूर्ण. ती म्हणाली, "वहिनी, असं हप्त्याचं काय बोलता." पण तारीख सांगितल्यावर माझं मन हलकं झालं आणि मला वाटतं तिचंही. हातउसन्याला व्याज नसतं पण तारीख द्यायची, हे माझं पक्कं मत झालंय.

आता कार्डचं काय केलं. महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडलं. माझ्या पाटल्या घरात होत्या, दोन तोळ्यांच्या, आईने लग्नात घातलेल्या. त्या ठेवाव्यात हे सासूबाईंनीच सुचवलं, म्हणाल्या माझ्यामुळे झालंय हे सगळं तर माझंही ऐका, सोनं अडीनडीलाच असतं. बँकेत सोनार बसलेला असतो, त्याने पाटली दगडावर घासली, वरून ॲसिडचा थेंब टाकला, मग दुसरी, मग छोट्या काट्यावर वजन, आणि मॅनेजरबाईंनी पाकिटात घालून माझ्यासमोर लाखेचं सील केलं, त्यावर माझी सही. अर्धा-पाऊण तासाचं काम. ६० हजार मिळाले, साडेनऊ टक्क्यांनी. ५८ हजार त्याच दिवशी कार्डला भरले. आता बघा, तेच महिन्याचे ३ हजार भरत राहिलो, पण व्याज पहिल्या महिन्यात २,३९५ च्या ऐवजी ४७५, बाकी अडीच हजार सरळ मुद्दलात. ४० महिन्यांचं काम २२ महिन्यांवर आलं आणि १ लाख १९ हजारांच्या जागी साधारण ६६ हजार गेले. आमच्या पगारात एक रुपयाचीही वाढ झाली नव्हती.

पण याला दोन अटी आहेत आणि त्या पाळता येणार नसतील तर हे करूच नका. कार्ड त्याच आठवड्यात बंद करायचं. कार्ड मोकळं झालं की परत वापरलं जातं, आणि मग पाटल्याही बँकेत आणि कार्डही भरलेलं अशी गत होते, आमच्या गल्लीत हे झालेलं मी बघितलंय. थकबाकी शून्य केल्यावर बंद करायची विनंती टाकली की ७ कामाच्या दिवसांत त्यांना बंद करावं लागतं, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, फोनवर ते ऑफर देऊन थांबवतात, नको म्हणायचं आणि लेखी टाकायचं. दुसरी अट, सोनेतारण बहुतेक वेळा वर्षाचं असतं, वर्षाच्या शेवटी व्याज भरून रिन्यू करायला लागतं, मधेमधे मुद्दल भरून घेतात का हे आधी विचारून घ्यायचं, आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहायची. नोटिसा आल्या तरी गेलं नाही तर दागिना लिलावात जातो. सोनं नसेल तर कार्डची थकबाकी हप्त्यांत बदलून घ्यायची सोय असते, ती सोनेतारणाइतकी स्वस्त नाही पण चालू व्याजापेक्षा बरीच स्वस्त पडते.

गाडीचं कर्ज १८ टक्क्यांचं असूनही आम्ही आधी फेडलं नाही, ते का तेही सांगते. फायनान्सवाल्यांकडून आकडा मागवला, एकदम भरायचे तर ३६ हजार आणि वर ४ टक्के चार्ज आणि त्यावर जीएसटी. उरलेल्या १४ हप्त्यांत आता व्याजच साडेचार हजारांच्या आसपास राहिलं होतं, चार्ज वजा जाता तीन हजारही वाचत नव्हते. कर्जाच्या शेवटी शेवटी व्याज जवळपास देऊन झालेलं असतं, तेव्हा गडबड करून फायदा नाही, आधी फेडायचं तर पहिल्या वर्षात. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जाला किंवा बदलत्याच दराच्या वैयक्तिक कर्जाला मात्र असा चार्ज लावता येत नाही. आणि गाडीचा हप्ता संपल्यावर एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, घेऊन आरटीओत फॉर्म ३५ भरून आरसीवरचा बोजा उतरवायचा, हे लोक विसरतात आणि गाडी विकताना धावपळ होते.

गुंतवणुकीच्या आधी अजून एक पायरी आहे. अडीअडचणीचे पैसे. आम्ही १५ हजार ठरवले, फार नाहीत, पण सासूबाईंच्या तपासण्या, मुलीच्या शाळेचं काही, गाडी बंद पडली, एवढ्याला पुरतात. ह्यांचा दिवाळीचा बोनस पूर्ण तिकडे टाकला आणि बाकीचे हळूहळू. हे नसलं की पुढचं आजारपण परत कार्डवर जातं आणि तुमची एसआयपी सगळ्यात आधी मोडते, तेही बाजार पडलेला असताना. हे पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेवा ज्याचं एटीएम कार्ड पाकिटात नसेल. पोस्टाच्या आरडीत नको, ती चांगलीच आहे, महिन्याला १०० रुपयांपासून, ६.७ टक्के व्याज, पण पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आधी मोडता येत नाही. आणि ज्यादा व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत तर नकोच. बँकेत, सहकारी बँकेत सुद्धा, ५ लाखांपर्यंत ठेवीचा विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो. आपल्या भागात पतसंस्था बुडल्यावर म्हातारी माणसं दारात बसलेली आपण बघितलीत, अडचणीचा पैसा तिथे ठेवायचा नाही.

विम्याचं थोडक्यात, कारण ते स्वस्तात होतं. बँकेत फॉर्म भरला की जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा आणि सुरक्षा विमा २० रुपयांत अपघाताचा २ लाखांचा. कर्ज ज्याच्या नावावर आहे त्याचा आधी काढा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, दवाखान्यात भरती होताना योजनेचा माणूस म्हणजे आरोग्यमित्र कुठे बसतो ते पहिल्यांदा विचारा, बिल भरून झाल्यावर नाही.

आता एसआयपी. डिसेंबर २०२३ मधे गटाचा शेवटचा हप्ता गेला आणि महिन्याचे २ हजार मोकळे झाले. त्यातले १,५०० अडचणीच्या खात्याला आणि जानेवारी २०२४ पासून ५०० ची एसआयपी. माझ्या माहेरी शेत आहे, वडील पाण्याची पाळी यायच्या आधीच पाट काढून ठेवायचे, कारण पाणी सुटल्यावर खोरं शोधत बसलं तर ते शेजारच्याच्या बांधात जातं. हप्ता संपतो तेव्हा असंच होतं. दोन हजार मोकळे झाले की दोन महिन्यांत ते कुठे जिरले कळत नाही, मोबाईल, एखादं फर्निचर, परत नवा हप्ता. म्हणून पहिला हप्ता संपायच्या महिन्यातच खातं उघडून ठेवलं. त्या ५०० रुपयांनी आम्ही श्रीमंत होणार नव्हतो, ५०० ने वर्षाचे सहाच हजार होतात, पण पाट तयार राहिला आणि पुढे प्रत्येक मोकळ्या हप्त्यातला काही भाग त्याच पाटाने गेला.

करायचं कसं. पॅन आणि आधार जोडलेलं पाहिजे, पासबुकावरचं नाव आणि पॅनवरचं नाव एकच पाहिजे, माझं माहेरचं नाव पॅनवर होतं त्यामुळे केवायसी म्हणजे ओळखीची तपासणी दोनदा परत आली, बायकांनी हे आधी बघून घ्या. मग फंड हाऊसच्या, म्हणजे फंड चालवणाऱ्या कंपनीच्या, साईटवर किंवा ॲपवर निफ्टी ५० इंडेक्स फंड, डायरेक्ट प्लॅन, ग्रोथ. ग्रोथ म्हणजे नफा हातात न येता फंडातच राहतो. इंडेक्स का, तर देशातल्या ५० मोठ्या कंपन्या एकत्र येतात, कुठला मॅनेजर हुशार हे आपल्याला शोधत बसायला लागत नाही आणि खर्च कमी. डायरेक्ट का, तर मधल्याचं कमिशन नाही. पण ॲप बघून हातपाय गळत असतील तर ओळखीच्या नोंदणी असलेल्या वितरकाकडून रेग्युलर घ्या, थोडं कमी मिळेल पण सुरू तर होईल, सुरूच न करण्यापेक्षा ते बरं. १०० रुपयांपासूनही बऱ्याच फंडांत होते. टॅक्सची काळजी आत्ता नको, वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही.

तारीख मात्र नीट निवडा. माझा पगार ७ ला होतो आणि मी पहिल्यांदा न बघता ३ तारीख टाकली. दुसऱ्याच महिन्यात खात्यात ३८० रुपये होते, हप्ता परत गेला आणि बँकेने २५० अधिक जीएसटी असे २९५ कापले. ५०० च्या एसआयपीला २९५ दंड. फंडवाले काही लावत नाहीत, पण बँक लावते, आणि लागोपाठ तीन महिने गेली नाही तर एसआयपी आपोआप रद्द होते. तेव्हापासून पगार ७, कर्जाचे हप्ते ८ आणि ९, एसआयपी १०. आणि ज्या महिन्यात ओढाताण दिसतेय त्या महिन्यात आधीच ॲपवर पॉज करा, त्यात कमीपणा नाही, दंड भरण्यापेक्षा हजारपट बरं.

मग बाजार पडतो. ऑक्टोबर २०२४ पासून निफ्टी उतरत गेला, फेब्रुवारीच्या शेवटी मी भरलेल्या ८ हजारांचे ७,६०० च्या आसपास दिसत होते, लाल रंगात. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "अगं, हेच पैसे बँकेत भरले असते तर व्याज तरी वाचलं असतं, बंद कर." मी म्हटलं, "अहो, वजा ४०० झालेत, आणि हे पैसे पोरगी बारावी होईपर्यंत लागणार नाहीत, मग आज काय विकायचं?" त्यांचं म्हणणं तसं चूक नव्हतं, साडेनऊ टक्क्यांचं सोनेतारण चालू असताना बाजारात पैसे टाकण्यात फायद्याचा फरक बारीकच आहे, म्हणूनच रक्कम लहान ठेवली होती. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा असेल तर तो इथे टाकायचाच नाही, हे मी ठामपणे सांगते. २००८ मधे निफ्टी निम्म्याहून जास्त पडला होता, मार्च २०२० मधे दोन महिन्यांत १२ हजारांवरून साडेसात हजारांपर्यंत आला होता. कर्ज अंगावर असलेल्या माणसाला असल्या वेळी पैसे काढायची वेळ यायला नको, एवढं बघून रक्कम ठरवा.

पगाराच्या स्लिपवर पीएफ कापला जात असेल तर हेही लक्षात घ्या की तुमची गुंतवणूक चालूच आहे, मूळ पगाराच्या १२ टक्के तुमचे आणि मालकाचा वाटा वेगळा, २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं. माझा कापला जातो, ह्यांचा नाही. म्हणून एसआयपी ह्यांच्या नावावर काढायला पाहिजे होती असं आता वाटतं, दोघांत ज्याला पीएफ नाही त्याच्या नावावर आधी करा.

आणि कृपा करून एक गोष्ट करू नका. कर्ज लवकर फेडायच्या घाईत टेलिग्रामच्या टिपा आणि ऑप्शन, म्हणजे पुढच्या भावावर पैज लावल्यासारखे सौदे. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मधे आकडे दिलेत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर आणि ऑप्शन) करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी २ लाखांच्या आसपास. ह्यांच्या दुकानातला एक पोरगा ॲपवरून कर्ज काढून करत होता, आता त्याच्या आईचं मंगळसूत्र बँकेत आहे. कर्ज काढून गुंतवणूक करायची नाही, ओव्हरड्राफ्ट असो नाहीतर मित्राचे असोत.

पुढचं आमचं असं झालं. ऑक्टोबर २०२४ ला गाडी मोकळी झाली, २,९०० सुटले, २,५०० नणंदेला सुरू केले आणि ४०० एसआयपीत वाढवले. जून २०२५ मधे पाटल्या सोडवल्या. मॅनेजरबाईंनी पाकीट माझ्यासमोर फोडलं, वजन करून दाखवलं, मी तिथेच हातात घातल्या आणि तशीच ऑफिसला गेले. ते ३ हजार सुटले त्यातले २ हजार गंठणाच्या कर्जाच्या मुद्दलात आणि १ हजार एसआयपीत. २०२५ च्या भाऊबीजेला नणंद आली तेव्हा तिचा शेवटचा हप्ता त्याच महिन्यात जाऊन झाला होता, तिने ओवाळलं ह्यांना आणि मला वहीतलं पान मागून घेतलं, ज्यावर मी बाराही तारखा लिहिल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ पासून ते अडीच हजारही मोकळे आहेत, १,५०० गंठणाला आणि १ हजार एसआयपीला लावलेत. गंठणाच्या कर्जाची रिन्यूची तारीख पुढच्या महिन्यात आहे, कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलीये, तोपर्यंत शाखेत जाऊन व्याजाचा दर अजून खाली आणून देतात का ते विचारायचंय.